मूळ दाखल्याशिवाय अर्ज नाही

सव्वीस मुलं होती. नावं विचारा, आत्ता घडाघडा म्हणून दाखवतो. त्यातल्या पंचवीस जणांनी मला तोंडावर ऐकवायचं ते ऐकवलं. कुणी आयमाय काढली, एकाच्या बापसाने तर खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरली. त्यांचं माझं तिथल्या तिथे फिटलं. माझ्या जिवाला लागून राहिलीय ती सव्विसावी, कारण ती काही बोललीच नाही.

मी मयेकर. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं क्लार्की केली. कॉलेजचं नाव सांगणार नाही, आणि तुम्हीही नसत्या चौकशा करू नका. ॲडमिशनची खिडकी माझी. पाच प्राचार्य आले नि गेले, खिडकी माझीच. गावात मला कुणी क्लार्क म्हणत नसे, मयेकर सर म्हणत, आणि ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू!

माझी एक ख्याती होती. मयेकरची फाईल विद्यापीठातून कधी परत येत नाही. येणार कशी? अर्धवट फाईल मी घ्यायचोच नाही. एक झेरॉक्स कमी असली तरी पोराला माघारी धाडायचो, मग तो दापोलीहून एसटीत उभा राहून आलेला असला तरी. ‘जा, घेऊन ये, मग तोंड दाखव.’ बारा-तेरा वर्षांपूर्वी एकदाच हात पोळला होता. एका मुलाला कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर प्रवेश दिला, आणि मेल्याने दुसऱ्या कॉलेजातही नाव घालून ठेवलेलं. विद्यापीठाने माझ्या नावाने ताशेरा मारला. त्या दिवशी मी खिडकीच्या काचेवर स्वतःच्या हाताने स्केचपेनने लिहून लावलं: मूळ दाखल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही. नियम कुणाचा? माझा. पण इतकी वर्षं एका खुर्चीत बसलेल्या माणसाचा नियम म्हणजे कॉलेजचाच नियम, विचारतो कोण?

गेल्या जुलैत विद्यापीठाचं परिपत्रक आलं. बाहेरच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला इकडे बदलून येता येईल. अर्ज पंचवीस जुलैपर्यंत, यादी अकरा ऑगस्टला. आमच्याकडची किती पोरं बाहेर गेलेली असतात! नंबर लागेल तिकडे जायचं, विदर्भ म्हणू नका, मराठवाडा म्हणू नका. आयांनी डबेच्या डबे भरून पाठवलेली पोरं ती. परिपत्रक व्हॉट्सॲपवर फिरलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीसमोर रांग लागली. प्रत्येकाला घरी यायचं होतं.

ती सव्विसावी, मनस्वी, आली ती एकोणीस-वीस तारखेला. काळबादेवीची. मीही मूळचा काळबादेवीचाच, तिच्या घरापासून चार घरं सोडून आमचं घर. बापूस दीपक मोठ्या मालवाहू जहाजावर, नऊ महिने पाण्यात नि तीन महिने घरात. पोरगी फूड टेक्नॉलॉजीला, नांदेडच्याही पलीकडे. चार वर्षांतली दोन झालेली, दोन राहिलेली, आणि मार्क असे की गुणपत्रक बघत राहावं. एप्रिलात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बापूस रजा वाढवून घरी थांबलेला, पण सप्टेंबरात जहाज धरलं नाही तर नोकरीवर पाणी. खेडची मावशी येऊन राहिली होती. बिचारी एकटी, मूलबाळ नाही, गुडघे मात्र कामातून गेलेले.

“सर, बाकी सगळं आणलंय,” मनस्वी म्हणाली. “ना हरकत पण आहे. फक्त मूळ दाखला अजून काढला नाय, तो काढला की तिकडचा प्रवेश रद्द होतो. यादीत नाव आलं की लगेच जाऊन काढून आणते.”

“आणि नाय आलं नाव तर?”

“तर परत जाईन. मावशी म्हणालीय, दोन वर्षं राहते. आईजवळ मी असते तर बरं झालं असतं, ती माझ्याच हातून जेवते. पण नायच झालं तर तिकडची जागा तरी राहील ना माझी.”

बघा, वीस वर्षांची पोर किती धडपणे विचार करत होती! आणि मी, पन्नाशी उलटलेला शहाणा, बोट वर करून तिला काचेवरचा कागद दाखवला.

“वाचता येतं ना गो?”

“पण सर, परिपत्रकात तर आता फक्त ना हरकत मागितलंय. दाखला प्रवेशाच्या वेळी…”

“तू मला परिपत्रक शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून वाचतोय मी ती. अर्धवट फाईल वर गेली आणि त्रुटी म्हणून बाजूला पडली तर रडत कुणाकडे येशील? माझ्याकडेच ना?”

ती कागद परत पिशवीत भरायला लागली. मग मला जरा वाईट वाटलं म्हणून मी आवाज खाली आणला. तेच वाईट झालं बघा. नुसता ओरडलो असतो तर कदाचित तिने घरी जाऊन चार जणांना विचारलं असतं. पण मी म्हणालो, “घाबरतेस कशाला? तुझे मार्क बघता पहिलं नाव तुझं. आपल्या गावची पोर तू, मी इथे बसलोय कशाला? काढ दाखला, बिनधास्त काढ.”

गावचा माणूस कॉलेजात बसलाय आणि तो सांगतोय, मग झालं. आमच्याकडे यापलीकडे कुणी काही विचारत नाही. संध्याकाळच्या गाडीने ती कोल्हापूरला गेली, तिथून पुढे नांदेड, तिथून आणखी पुढे. पंचवीस तारखेला पावणेपाच वाजता माझ्या खिडकीसमोर उभी. ओढणी चिखलाने भरलेली, डोळे तारवटलेले, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेला दाखला. त्यावर लिहिलेलं, विद्यार्थिनीच्या विनंतीवरून प्रवेश रद्द. मी तो फाईलला लावला, नाडी बांधली आणि म्हणालो, “शाब्बास!” त्या संध्याकाळी सव्वीस फाईली एकावर एक रचून मी घरी गेलो आणि दोन घास जास्त जेवलो. आता आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

नऊ ऑगस्टला, शनिवारी, साडेअकराच्या सुमारास विद्यापीठाचा मेल आला. अडीच ओळी. प्रशासकीय कारणास्तव चालू शैक्षणिक वर्षातील स्थानांतर प्रवेश प्रक्रिया रद्द करण्यात येत आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी. बस. कसलं कारण, कुणाचं कारण, काही नाही. मी तीनदा वाचला. मग विद्यापीठात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, “वरून आलंय.” मी म्हटलं, “वरून म्हणजे कुठून? आभाळातून?” त्याने फोन ठेवला. दिवसभर परत लागला नाही.

दोन तासांत सगळ्या तालुक्यांत बातमी. सोमवारी सकाळी मी छत्री झटकत आत शिरतोय तर खिडकीसमोर सगळे हजर, पोरं आणि त्यांच्यामागे आईबाप. आधी रडारड, मग विनवण्या. मी आपला विद्यापीठाला शिव्या देत होतो, आणि मनापासून देत होतो. “यांना काय, एसीत बसून दोन ओळी खरडल्या की झालं! पोरांच्या आयुष्याचा खेळखंडोबा!” लोक माना हलवत होते. मलाही बरं वाटत होतं. सगळे एका बाजूला, विद्यापीठ एका बाजूला.

तेवढ्यात खेडचा हर्षद पुढे झाला. काटकुळा, चष्मेवाला पोरगा, अमरावतीकडे शिकत होता. मोबाईल काढला आणि जुलैचं परिपत्रक मोठ्याने वाचायला लागला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एक शब्द गाळला नाही. मग म्हणाला, “मयेकर सर, यात मूळ दाखला कुठे मागितलाय?”

मी म्हटलं, “अरे, ती पद्धत असते.”

“कुणाची पद्धत? यात लिहिलंय, अर्जासोबत फक्त ना हरकत. दाखला यादी लागल्यावर, प्रवेशाच्या वेळी. सावंतवाडीच्या कॉलेजात माझा मित्र आहे, त्याच्याकडून कुणी दाखला घेतला नाही. त्याचंही ट्रान्सफर रद्द झालं, पण तो उद्या आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन बसणार आहे. आम्ही कुठे जायचं?”

नुसता पन्हळीचा आवाज. मग मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे ह्याने केलंन काय आपला घात?” आणि एकदम कल्ला उसळला. ‘विद्यापीठाने एकदा मारलं, ह्या मेल्याने दोनदा.’ ‘मोठा मयेकर सर!’ कॉलर धरली ती तेव्हाच. आमचा शिपाई बाळा मध्ये पडला म्हणून वाचलो. माझा तोल गेला. मी ओरडलो, “एकतीस वर्षं एक फाईल परत आली नाय माझी!” आणि हर्षद म्हणाला, “बरोबर. यंदा पण आली नाय. आम्हीच आलो परत.” मी खिडकी ओढून घेतली आणि आत जाऊन बसलो.

गर्दी पांगल्यावर बाळाने येऊन सांगितलं, “भाऊ, एक पोरगी आहे अजून.”

मनस्वी नोटीस बोर्डाखालच्या बाकावर बसली होती. उठून आली. मला वाटलं, आता हीही सुनावणार. तिने एवढंच विचारलं, “सर, आता माझं काय करायचं?” अशी विचारत होती, जसं काही मला उत्तर माहीत आहेच.

मी तिच्यासमोरच तिच्या जुन्या कॉलेजला फोन लावला. पलीकडे एक क्लार्कबाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, “असं कसं केलंत हो सर? हुशार लेकरू आहे ते. जागा अजून भरली नाही, पण आमचं पोर्टल वीस तारखेला पाच वाजता बंद होतंय. तुमच्या कॉलेजचं एक पत्र पाठवा. दाखला आमच्याकडून चुकीने जमा करून घेण्यात आला, प्रवेश दिलेला नाही, असं लिहा. प्राचार्यांची सही लागते. मेल केलं तरी चालतंय. मी आमच्या सरांशी बोलून ठेवते, घेऊ परत तिला.”

एक पत्र! एवढंच. मी फोन ठेवला आणि मनस्वीला म्हणालो, “झालं गो तुझं काम. चार ओळींचं पत्र आहे. उद्या ये.” तिच्या चेहऱ्यावर आलेलं हसू मी पाहिलं.

पत्र मी तिथल्या तिथे टाईप केलं आणि प्राचार्य मॅडमकडे नेलं. मॅडम दोन वर्षांपूर्वीच आलेल्या, पुण्याच्या. माणूस म्हणून वाईट नाहीत, पण कायद्यावर बोट ठेवणाऱ्या. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

“चुकीने म्हणजे कुणाच्या चुकीने, मयेकर?”

मी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

“मी यावर सही केली म्हणजे कॉलेजने कबूल केलं की परिपत्रकाच्या बाहेर जाऊन मूळ दाखले घेतले. उद्या सव्वीस पालक कोर्टात उभे राहतील. कॉलेजने कुठे सांगितलं होतं तुम्हाला?”

“मॅडम, एका मुलीचा प्रश्न आहे.”

“एकीचा का? सव्वीसच्या सव्वीस मुलांना असं पत्र द्यायला माझी तयारी आहे. तुम्ही मला लेखी खुलासा द्या, की हा नियम तुम्ही स्वतःच्या मनाने लावला, कॉलेजचा आदेश नव्हता. तो खुलासा हातात आला की मी पत्रांवर सह्या करते, पाच मिनिटांत. चौकशी लागेल तुमची, ती मला थांबवता येणार नाही.”

चौकशी. मार्चअखेर माझी निवृत्ती. सात महिने राहिलेले. चौकशी चालू असताना जो निवृत्त होतो त्याचं पेन्शन कसं लटकतं, ते मी पाहिलेलं आहे. आमच्याच कॉलेजातले एक लायब्ररीयन सहा वर्षं खेटे घालून मेले, बायको अजून घालतेय. मी म्हटलं, “मॅडम, दोन दिवस द्या.” त्या म्हणाल्या, “मला घाई नाही. घाई मुलांना आहे.”

आता इथून पुढचं सांगताना मला माझीच शिसारी येते, पण सांगतो.

खुलासा मी चार वेळा लिहिला. सुंदर अक्षरात. विषय, संदर्भ, महोदया, सगळं जागच्या जागी. लिहायचो, वाचायचो आणि फाडून टाकायचो. स्वतःला सांगायचो, माझ्या चांगल्यासाठी केलं काय मी? पोरांच्याच चांगल्यासाठी ना? त्रुटी राहू नये म्हणून ना? रद्द विद्यापीठाने केलं आणि फासावर मयेकर, हा कुठला न्याय? मग वाटायचं, विद्यापीठाने तिचं ट्रान्सफर काढून घेतलं, पण जागा कोणी घेतली? ती मीच घेतली. ती तर सांगत होती मला. तोंडाने सांगत होती!

चौदा तारखेला मनस्वी आली. मी म्हटलं, “मॅडम मुंबईला गेल्यात गो.” सोळाला आली. “मॅडम मीटिंगमध्ये.” अठराला आली. “उद्या नक्की.” मॅडम आतच होत्या, तिन्ही दिवस. मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो. ती दर वेळी ‘बरं सर’ म्हणायची आणि बाकावर तासभर बसून जायची. बाळा चहा घेऊन तिच्यासमोरून आत जायचा आणि माझ्याकडे नुसता बघायचा.

घरी आमच्या हिने विचारलं, “त्या दीपकच्या मुलीचं काय झालं? तिची मावशी भेटली बाजारात, तुमचं नाव घेऊन डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या. म्हणाली, गावचा माणूस आहे म्हणून पोरीचं निभावलं. दिलंत ना पत्र?”

“दिलं,” मी म्हणालो.

छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो असं नाही, पण असलं कधीच बोललो नव्हतो. तिने ताटात आणखी एक बांगडा वाढला. तो मला गिळवेना.

वीस तारीख उजाडली. मनस्वी दहा वाजताच आली. आज तिच्याबरोबर बॅग होती. पत्र गेलं की दुपारच्या गाडीने निघायचं, बावीस तारखेपासून तिकडे वर्ग सुरू. दीपक तिला सोडून तिच्या आईसाठी परत गेला होता. जाताना खिडकीशी येऊन म्हणाला, “भाऊ, तुमच्यामुळे झालं हां. मी पाण्यात असलो की इकडे कोण आहे आमचं? तुम्हीच.” मी म्हटलं, “जा रे तू निवांत.”

बारा वाजले. दोन वाजले. दुपारची गाडी गेली. खुलासा माझ्या खिशात होता, पाचव्यांदा लिहिलेला, सही केलेला. मॅडमची केबिन माझ्या टेबलापासून किती, दहा पावलं. मी उठायचो, पाण्याचा ग्लास भरायचो आणि परत बसायचो. देवाची शपथ, त्या दिवशी मला वाटत होतं की मी जाणार आहे. चार वाजेपर्यंत वाटत होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी नांदेडकडच्या बाईंचा फोन आला. खिडकी उघडी होती, आणि मनस्वी फोन वाजताच बाकावरून उठून खिडकीला येऊन उभी राहिली.

“सर, पत्र पाठवताय ना? मी लेकराची फाईल काढून ठेवलीय. पाचला माझ्या हातात काही राहणार नाही बघा.”

मी म्हणालो, “काय करू बाई, आमच्या मॅडम बाहेरगावी आहेत हो. सही कुणाची घेऊ?”

आणि तेवढ्यात मॅडमच्या केबिनची घंटा वाजली. बाळा उठला, दार ढकलून आत गेला, आणि दार लागेपर्यंत मॅडम आत टेबलाशी बसलेल्या मनस्वीला समोर दिसत होत्या.

फोनवर बाई म्हणत होत्या, “दुसरं कुणी नाही का हो? प्रभारी कुणी?” मी म्हटलं, “नाय हो, कुणी नाय.” आणि फोन ठेवला.

मनस्वी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही केबिनमध्ये घुसेल. घुसली असती तर बरं झालं असतं, ‘मॅडम, खुलासा माझ्या खिशात आहे’ असं मीच बोललो असतो कदाचित. पण ती तशी पोर नव्हती. मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नाही हे घरातून शिकलेली. ती परत बाकावर जाऊन बसली. पाच वाजेपर्यंत बसली. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत होतं आणि मलाही. पाच वाजून पाच मिनिटांनी तिने बॅग उचलली, खिडकीशी आली आणि म्हणाली, “येते सर.” मी मान खाली घालून रजिस्टर चाळत होतो.

बाळाने त्या दिवशी मला न विचारता टेबलावरचे दिवे बंद केले. जाताना म्हणाला, “भाऊ, मी शिपाई आहे ते बराय.”

गणपती तोंडावर आले तशी मुलं कागदपत्रं परत न्यायला यायला लागली. मॅडमनी मला बोलावून सांगितलं होतं, मूळ दाखले परत देताना प्रत्येकाकडून अर्ज घ्या, कारणाचा रकाना भरून घ्या, आणि कारण वैयक्तिक असलं पाहिजे. म्हणजे पुढेमागे कुणी विचारलं तर कॉलेजच्या दप्तरात काही वावगं सापडायला नको. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुमच्याही सोयीचं आहे ते,” म्हणाल्या. होतंच.

हर्षदने रकान्यात सगळं खरं लिहिलं, जागा पुरली नाही तर मागच्या पानावर लिहिलं. मी तो अर्ज घेतला नाही. तीन दिवस घेतला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या बापाने दुसरा कागद घेतला, ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलं, मुलाला दटावून सही करायला लावली आणि दाखला घेऊन गेला. हर्षद जाताना माझ्या पायाशी थुंकला. मी पुढचा अर्ज घेतला.

मनस्वी सगळ्यांत शेवटी आली. घरचे कपडे, केस वर बांधलेले, हाताला तेलाचा आणि हिंगाचा वास. आल्या आल्या म्हणाली, “उशीर झाला सर. आईला भरवून निघेपर्यंत वाजलेच.”

“बापूस?”

“परवा गेले. जहाज मिळालं. मावशी पण गेली खेडला, तिचे गुडघे फार दुखत होते. म्हणाली, आता तू आहेस ना घरात, मग माझं काय काम?”

“आणि पुढच्या वर्षी? तिकडे परत…”

“पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करायचा म्हणतात. पण बाबा आता गेले ते मे महिन्यापर्यंत. मावशीला परत बोलवायचं कसं?” तिने ओढणीने कपाळ पुसलं. “सगळे म्हणतात, बरंच झालं, आईजवळ पोरगी आहे.”

मी अर्जाचा कागद पुढे सरकवला. तिने नाव लिहिलं, गाव लिहिलं, वर्ग लिहिला. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. वर बघून तिने विचारलं, “सर, इथे काय लिहू?”

टोमणा नव्हता तो. मी तिचे डोळे पाहिले, टोमणा असता तर कळला असता. तिला त्या दिवशीचं सगळं माहीत होतं, आणि तरी ती मलाच विचारत होती, कारण फॉर्म कसा भरायचा ते मयेकर सरांना विचारायचं असतं. त्या क्षणी बोलायला हवं होतं मी. लिही गो, लिही, मयेकराने खाल्लं तुझं वर्ष असं लिही. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

“घरगुती अडचण लिही,” मी म्हणालो.

तिने लिहिलं. मग वाचून बघितलं. “एवढंच चालेल? अर्धवट नाय ना वाटत?”

मी शिक्क्याची डबी उघडली. तिनेच परत पेन टेकवलं आणि त्याखाली नीट, वळणदार अक्षरात लिहिलं: आईच्या आजारपणामुळे पुढील शिक्षण थांबवत आहे. सही केली आणि कागद माझ्याकडे दिला.

मी त्यावर शिक्का मारला, नंबर टाकला आणि दाखला तिच्या हातात दिला. तो कागद अजून आमच्या दप्तरात आहे. त्यात दोष लागलाय तो त्या मुक्या बाईला, जिला काही सांगायचं असलं तरी सांगता येत नाही.